बटणांखालची गोळी

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. शिंप्याच्या मशीनशेजारी, फळीवर माझी जागा. माझ्या पोटात बटणं आणि बटणांखाली औषधाची बाटली.

मित्रांनो, ती बाटली पूर्वी उघड्यावर असायची. माझ्या धन्याला एचआयव्ही होता आणि यकृतात हिपॅटायटिस बी. दोन्हींना मिळून रोज एकच गोळी. लेकीला स्थळं येऊ लागली, तेव्हा तिनेच बाटली माझ्या पोटात दडवली. धन्याने ते हसण्यावारी नेलं. रोज जेवण झालं की म्हणायचा, "चला, आजचं बटण लावून घेऊ. नाहीतर आतून उसवायचं सगळं."

शेवटच्या साध्या दिवशी तो झबलं शिवत होता. दिवस भरत आलेली लेक त्याला आपल्या सासरी राहायला न्यायला आली होती.

"बाबा, हा डबा राहू द्या इथेच. सासूबाई सगळ्यांच्या पिशव्या आवरतात."

"अगं, मग गोळी?"

"रिपोर्ट चांगलाय ना? रक्तात विषाणू दिसतच नाही म्हणाले. थोडे दिवस नाही घेतली तर काय होतंय!"

"तू म्हणशील तसं. शिंपी निघाला बटणाशिवाय!"

तो रिपोर्ट एचआयव्हीचा होता. दुसरा आजार दोघांच्याही ध्यानात आला नाही. गोळ्या माझ्या पोटात होत्या, पण मला साधं खडखडताही आलं नाही.

बाळ हसायला लागलं त्या सुमारास लेक एकटीच धावत आली. बटणं जमिनीवर सांडून तिने बाटली काढली आणि फोनवर डॉक्टरांना नाव वाचून दाखवलं.

"हीच गोळी यकृतालाही सांभाळत होती," पलीकडून आवाज आला. "न विचारता बंद का केली?"

बाटली घेऊन ती तशीच दवाखान्याकडे परत पळाली.

धनी परतला नाही. विचारायला येणाऱ्यांना ती सांगायची, "कावीळ झाली."

मित्रांनो, औषध लपवून ठेवावं लागेल असं घर कुणाच्याही वाट्याला आणू नका. आणि बरं वाटलं तरी डॉक्टरांना विचारल्यावाचून ते थांबवू नका.

आज ती दुकान आवरायला आली. धन्याच्या स्टुलावर बसून तिने मला मांडीवर घेतलं. शेजारच्या काकू दारातून म्हणाल्या, "साध्या काविळीनं माणूस गेला गं."

"साधी नव्हती, काकू. बाबांना हिपॅटायटिस बी होता, एचआयव्हीही होता. गोळी मी बंद करायला लावली." तिचा हात माझ्या झाकणावर होता. "त्यांना कधीच लाज वाटली नाही. मला वाटत होती."