अंगणातली हकलबेरी

हकलबेरीचं रानझुडूप डोंगर सोडून जगत नाही, हे आमच्या जमातीत शेंबडं पोरही सांगेल. तरी आम्ही दोघी बहिणींनी, मी आणि व्हर्नानं, वणव्यात जळालेल्या उतारावरून तीन रोपं काढून घरी आणली. आईचे गुडघे गेले होते. तिला पाटो डोंगर चढवत नव्हता, मग डोंगरच खाली आणू, असं आमचं शहाणपण.

एका रोपाला जोडीजोडीनं काळी फळं धरली. आईची नजरही गेली होती, तिनं फांदी चाचपली. "थेल्मा, ही आपली नव्हे गं. आपली पानाच्या बगलेत एकटीच बसते. उपट ही."

दुसरं उन्हानं गेलं. तिसऱ्याला कुजकं लाकूड घातलं, पाइनची पानं घातली आणि हिवाळ्यात वरून बर्फ. आमच्या सखल भागात बर्फ थोडा, आणि त्याच्या पांघरुणाशिवाय हे झुडूप गारठून मरतं. म्हणून लोकांच्या दारातला बर्फ आम्ही दोन कड्यांच्या पत्र्याच्या टबातून वाहायचो. एक कडी व्हर्नाच्या हातात, एक माझ्या. शेजारचा ओर्विल पायरीवर कॉफी पीत बसायचा. "बायांनो, छपरावरचाही न्या! फुकट आहे!"

इतकं करून वर्षानुवर्षं नुसती पानं. यंदा भर थंडीत व्हर्ना गेली. आणि याच उन्हाळ्यात झुडूप लगडलं.

मला संतापच आला. आमच्यात घरातलं माणूस गेलं की वर्षभर हकलबेरी तोडायची नाही, खायची नाही. वर्ष भरल्यावर जेवण घालायचं, बाहेरचं कुणी हात धरून झुडपापाशी नेतं, तेव्हा मोकळं व्हायचं. आई तोवर टिकणार नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि मला ते तिच्या श्वासावरून कळतही होतं. तिच्या जिभेवर एक फळ ठेवायचं, एवढ्यासाठीच मी राबले होते.

ओर्विलनं माझं तोंड पाहिलं असावं. "अगं, मी कुठे तुमच्या नात्यातला? मी तोडतो. आणि नियम डोंगरावरच्या फळाचा, अंगणाला डोंगर कोण म्हणतं?"

त्यानं ओंजळभर फळं आईच्या खाटेपाशी नेली. आईनं एक उचललं, बोटांनी फिरवलं, टोकावरची गोल कड चाचपली. हुंगलं.

"आपलीच," ती म्हणाली आणि फळ त्याच्या हातावर परत ठेवलं. "तू खा, ओर्विल."

"काकू, एक घ्या ना. कोण बघतंय?"

"व्हर्ना माझी लेक होती. खा म्हणते ना!"

तो बिचारा उभ्या उभ्या खाऊ लागला.

"गोड आहे?"

"आधी आंबट. मग गोड."

"हं. मग बरोबर आहे." ती उशीवर टेकली. मला वाटलं झोपली. "थेल्मा, पुढच्या उन्हाळ्यातही हात लावू नकोस हो. माझं सुतक असेल."

"आई, पुरे."

"बर्फ मात्र घालत जा. त्याला सुतक नाही."

मी फार थकले होते. रडायलाही बळ नव्हतं. "मला एकटीला तो टब उचलत नाही, आई," एवढंच बोलले.

ओर्विलनं जांभळं झालेलं तोंड बाहीला पुसलं.

"एक कडी मी धरीन," तो म्हणाला.