दिलरुब्यावरचा हात

डॉक्टर वामनराव पांढरीपांडे वारले त्याला महिना होत आला, तेव्हा घाटंजीच्या लोकांनी त्यांच्याच दवाखान्याच्या आवारात शोकसभा ठेवली. साल पासष्ट. शोकसभेत माणसाचा देव होतो, हे काही घाटंजीपुरतं नाही. पण घाटंजीत तो जरा जास्तच होतो. ज्यांची आतडी वामनरावांनी शिवली ते बोलले, ज्यांची हाडं बसवली ते बोलले, आणि ज्यांना त्यांनी नुसतं खोकल्याचं औषध दिलं होतं ते सगळ्यांत जास्त वेळ बोलले.

डॉक्टरांच्या पत्नी प्रभावतीबाई थोरल्या लेकीजवळ, कौसल्येजवळ, सतरंजीवर बसून होत्या. लोकांचे वामनराव त्यांना ओळखीचेच वाटेनात. त्यांचे वामनराव म्हणजे दिवेलागणीला हातपाय धुऊन, दोन्ही मुलींना पुढ्यात बसवून दिलरुबा लावणारे गृहस्थ. डॉक्टर गजानं सूर ओढायचे, बाई गायच्या, मुली टाळ धरायच्या. ताल चुकला की वामनराव रागवायचे नाहीत, डोळे मिटून हसायचे. म्हणून मुली मुद्दाम चुकायच्या. दाराशी पेशंटची बैलगाडी लागली की मात्र गज तसाच खाली ठेवून ते उठत, आणि परत येईपर्यंत मुली पानावर बसत नसत.

तेवढ्यात मागून बाबाराव उठला. कापसाच्या जिनिंगात राबणारा, छप्पन साली नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेऊन आलेला, मनानं सरळ आणि तोंडानं फटकळ. "जयभीम" म्हणून त्यानं सुरुवात केली.

"डॉक्टर चांगला माणूस होता, मी नाही म्हणत नाही. दीक्षेच्या आधीही त्यायच्या दवाखान्यात आमाले वेगळा बाक नव्हता. पण माही बायको मैना पोटाच्या पिळानं तडफडत आली, तवा त्यायनं सुरी नाही लावली. यवतमाळले न्या म्हणे. अर्ध्या रस्त्यात गेली ते. अन् डॉक्टर रोज संध्याकाळी वाजवूनच राह्यले होते. सुरी सोडली, बाजा नाही सोडला! हे काहून नाही बोलत कोणी?"

"बस रे, बस खाली," असं दोघेतिघे म्हणाले. पण खोटं बोलतोस, असं कुणी म्हणालं नाही. मनातून सगळ्या गावाला तेच वाटत होतं. हात चालता असताना डॉक्टरांनी ऑपरेशनं बंद केली, गाण्याचा नाद अंगाशी आला, असं लोक पारावर बोलत आले होते. प्रभावतीबाईंनी कौसल्येकडे पाहिलं. लेकीनं मान खाली घातली होती. तिलाही तसंच वाटतं तर! बाईंना बाबारावच्या बोलण्यापेक्षा ती खाली घातलेली मान जास्त लागली.

मैनाबाई गेली त्याच्या आधीच्या वर्षी, अशाच एका संध्याकाळी, गाता गाता बाईंना लांब सुरात काहीतरी हललेलं ऐकू आलं. "गजाला राळ कमी पडली," वामनराव म्हणाले. दुसऱ्या दिवशी राळ लावली, तरी सूर हलला. मग त्यांनी गजाचे केस बदलले. सूर हललाच. मुली झोपायला गेल्यावर बाई म्हणाल्या, "अहो, राळ नाही. हात आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी एका पेशंटचं ऑपरेशन ठरलेलं होतं. वामनरावांनी उजवा हात दिव्यापुढे धरला. दिसण्यासारखं काहीच नव्हतं. ते म्हणाले, "टेबलावर कळायच्या आधी तुझ्या कानाला कळलं, हे बरं झालं प्रभा." सकाळी त्यांनी त्या पेशंटला यवतमाळला पाठवलं आणि पुन्हा सुरी धरली नाही. प्रभावतीबाईंकडून मात्र वचन घेतलं. "हे कुणाजवळ काढू नकोस. मुलींजवळही नाही. ज्यांना मी कापलंय, त्यांच्या जिवाला घोर लागेल. ज्याचं थोडं दुखेल तो म्हणेल, डॉक्टरचा हात तेव्हाही कापत असेल." पुढे हात फार कापायला लागला, तेव्हा बाई आपला सूर मुद्दाम हलवून गायच्या, म्हणजे त्यांचा झाकला जाई. लोक म्हणाले, बाईंचा गळा गेला. म्हणोत.

आता बोलावं, तर त्यांचा शब्द मोडतो. न बोलावं, तर त्यांचं नाव आणि लेकीच्या मनातला बाप, दोन्ही असेच राहतात. प्रभावतीबाई उठून उभ्या राहिल्या. नवरा जाऊन महिना झालेली बाई सभेत बोलायला उठते, हे गावानं पाहिलं नव्हतं.

"बाबाराव, त्यांचा हात कापत होता," त्या म्हणाल्या. "मला सुरात ऐकू आलं. मीच त्यांना सांगितलं, म्हणून त्यांनी सुरी ठेवली. तुम्हाला राग धरायचा तर माझ्यावर धरा."

कौसल्येनं मान वर केली. बाबाराव उभाच होता. "तुमी सांगतलं नसतं," तो हळू म्हणाला, "तं वाचली असती का ते?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. खोटा दिलासा देणं त्यांच्याच्यानं झालं नाही. "हाताखाली मेलीही असती. नाही सांगता येत."

मग बाबाराव बोलला ते सभेला उद्देशून नव्हतं.

"त्या दिवशी जिनिंगच्या ट्रकात डॉक्टर आमच्या संगच आलते. कोणी बलावलं नव्हतं, सोताच चढले. मैनाची नाडी धरून बसले होते. तो हात थरथर कापून राह्यला होता. मले वाटलं, सोताच्या केल्याचं भेव आहे. मी म्हणलं, आता कायले हात लावता? अन् तिच्या मनगटावरून मी तो हात झटकून टाकला."

त्या दिवशी वामनराव घरी आले ते न जेवता मुलींच्या उशाशी बसून राहिले होते, एवढंच बाईंना ठाऊक होतं. ट्रकातलं त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. महिनाभर लोकांपुढे डोळ्यांतून टिपूस न काढलेल्या प्रभावतीबाई सतरंजीवर बसल्या आणि मोठ्यानं रडू लागल्या. कौसल्येनं त्यांना मिठीत घेतलं.

बाबाराव तिथंच उभा होता. त्यानं उजवा हात एकदा खिशात घातला, एकदा छातीशी धरला, एकदा पाठीमागे नेला. तो हात कुठं ठेवावा, हे त्याला कळेना.