गोठ्यामागचे बेसिन

मी हात धुण्याचे बेसिन बोलत आहे. वर्णाने पांढरे, प्रकृतीने थंड. माझ्या नळाला पाणी येत असे आणि कडेला साबणाची वडीही असे. हे आधीच सांगते, कारण पुढे न्यायालयात ते पुष्कळदा सांगितले गेले.

भट्टीत भाजून निघाल्यावर मी एका शेतमालकीणबाईंकडे आले. त्यांच्या शेतावर शहरातील कुटुंबे तिकीट काढून येत, वासरांना चारा भरवीत, शेळ्यांच्या गळ्यात पडत आणि लगेच बिस्किटांचे पुडे फोडीत. पाहुण्यांसाठी हात धुण्याची सोय हवी, असे बाईंना कोणी तरी बजावले होते.

"फाटकापाशी बसवू का?" नळ जोडणाऱ्याने विचारले.

"छे! तिथं लोक फोटो काढतात. मागे कुठं तरी बसवा."

मला गोठ्यामागे, पेंडीच्या पोत्यांआड बसवले. माझी पहिली वडी झिजण्याऐवजी वाळून तडकली.

पुढे एका चिमुरडीचा हात वासराने चाटला आणि त्याच हाताने तिने बिस्कीट खाल्ले. जनावराचे जंतू पोटात जाऊन तिची मूत्रपिंडे बिघडली. जीव वाचला, औषधे मात्र मागे लागली. आईने दावा लावला.

न्यायाधीश स्थळ पाहण्यास आले, तेव्हा पोत्यांच्या फटीतून मी सारे पाहत होते.

"बेसिन आहे, साबण आहे," मालकीणबाईंचे वकील म्हणाले. "मुलीचे हात धुणे हे आईचे काम होते."

आईसोबत आलेले दीरही कुजबुजले, "वहिनी, मी तेच म्हणत होतो. लक्ष तुमचंच नव्हतं."

आईने मान खाली घातली. घरी हे तिने किती वेळा ऐकले असेल, ते त्या मानेवरून कळत होते.

न्यायाधीश शिस्तीचे. पक्षकाराकडचे पाणीही घेत नसत. वासराने मात्र परवानगी न विचारता त्यांचा तळहात चाटला. "गुणाचं आहे हो," ते म्हणाले. इतक्यात त्यांना ढास लागली. त्यांनी खिशातून स्वतःची खोकल्याची गोळी काढली, वेष्टन सोडवले आणि गोळी ओठांशी नेली.

"साहेब, थांबा! आधी हात धुवा!" आई ओरडली.

हात तसाच अधांतरी धरून न्यायाधीशांनी चौफेर पाहिले.

"कुठं?"

अखेर वकिलांनी घसा खाकरून पोत्यांकडे बोट केले. न्यायाधीश वळसा घालून आले, एक पोते स्वतः सरकवले आणि बराच वेळ हात धूत राहिले. माझ्याकडे ते जरा रागानेच पाहत होते. मी काय करणार?

निकालात त्यांनी लिहिले की, जी सोय शोधावी लागते तिला सोय म्हणता येणार नाही. दोष शेताचा आहे, आईचा नाही. दिरांनी त्यावर काय म्हटले ते मला ठाऊक नाही.

आता मी फाटकापाशी आहे. पाहुण्यांच्या छायाचित्रांत त्यांच्या खांद्यामागून डोकावते; तक्रार कोणी केलेली नाही. परवा ती चिमुरडी आली होती. स्टुलावर उभी राहून तिने हात धुतले आणि आईला दटावले, "तू पण धू. बोटांच्या मधेसुद्धा."

आई हसली, आणि तिने धुतले.

तेव्हा वाचकहो, वासराला खुशाल कुरवाळा. फक्त हात तोंडाशी नेण्यापूर्वी मला भेटून जा. मी आता दिसते.