क्लीनरच्या बाजूचं दार

मी चढले की आमच्या ट्रकचे दिवे विझायचे. थट्टा नाही. ह्यांनी पार्किंग लाइट लावावेत, मागे जाऊन लाल दिवे बघावेत, सगळं झकास. मी बोचकं घेऊन क्लीनरच्या बाजूने कशीबशी वर चढले, की फट्! फ्यूज उडाला, मागे अंधार.

पहिल्यांदा हे हसले. "तुला बघून गाडीला धडकी भरली," म्हणाले. तिसऱ्या फ्यूजला मात्र माझा पारा चढला. लेकीचे दिवस भरत आले होते. "आई, तू जवळ हवीस," असं तिने फोनवर रडत सांगितलं होतं, आणि नेमका तिच्याच गावचा माल ह्यांना मिळाला होता. माल काही थांबणार नव्हता, आणि रात्रीच्या रस्त्याला दिव्यांशिवाय निघता येत नव्हतं. मी खाली असले की गाडीला काहीच व्हायचं नाही. मग काय, मीच खाली राहायचं.

"जा तुम्ही एकटेच," म्हटलं आणि बोचकं उचललं.

"थांब की जरा," असं म्हणून हे नाक्यावरच्या वायरमनला घेऊन आले.

"नवीन काही बसवलंय का, दादा?" त्याने विचारलं.

"वायरीला हातसुद्धा लावलेला नाही," हे म्हणाले आणि उगाच टायरची हवा बघू लागले.

वायरमनने मागचे दिवे सोडवले, टपावरचे बल्ब काढले आणि फ्यूजच्या जागी एक साधा बल्ब जोडला. "लाइटचं बटण चालूच राहू दे. वायर कुठे बॉडीला टेकली की हा पेटेल. फ्यूज जाळत बसायला नको." मग त्याने एकेक वायर हलवून पाहिली, चेसिसखालची, डॅशबोर्डमागची. बल्ब ढिम्म.

"वहिनी, तुम्ही चढा बघू."

"मी नाही चढायची. माझा पायगुणच तसा."

"चढा हो. पायगुण तर पायगुण, तोही तपासू."

चढले. बल्ब लख्ख पेटला. सीटवर टेकले, तो विझला.

"हात कुठे धरला होतात?"

दाराशेजारच्या खांबावर एक लोखंडी दांडी होती. तिला लटकूनच मी वर येत होते. ट्रकला असतेच, असं मी धरून चालले होते. वायरमनने ती ओढली, बल्ब पेटला. सोडली, विझला. त्याने स्क्रू काढला तर चांगला बोटभर लांब. टपावरच्या दिव्यांची वायर त्याच खांबातून जाते, आणि स्क्रू थेट तिच्यात घुसला होता. दांडीवर वजन पडलं की तो आतल्या तांब्याला टेकायचा.

"ही कोणी बसवली?" मी विचारलं.

ह्यांची मान खाली. "काल. तू बाजारात गेली होतीस तेव्हा. तुझा गुडघा... पायरी उंच पडते तुला."

"पण एवढा लांब स्क्रू?" वायरमन म्हणाला.

"छोटा निसटला असता. म्हणजे हिचं..." पुढचं ह्यांनी गिळलं, शहाणपणा केला.

मला खरं तर राग यायला हवा होता, पण रडूच आलं. ह्या माणसाला माझा गुडघा दिसतच नाही, असं मी सगळ्या बहिणींना सांगून ठेवलं होतं.

वायरमनने वायर नव्याने जोडली, टेप गुंडाळली. "दांडी काढूनच टाकू का?"

"अजिबात नाही!" हे ओरडलेच. मग त्याने वायर बाजूला घेतली आणि आखूड स्क्रू लावून दांडी पुन्हा पक्की केली. मागचे-वरचे दिवे जोडून फ्यूज बसवला. मी चढले. दिवे जसेच्या तसे.

निघण्याआधी ह्यांनी लेकीला फोन लावला. "पोरी, आईला घेऊन निघतोय. पण गाडी हळू चालवणार हं. खड्ड्यात हिच्या गुडघ्याला हिसका बसतो. उशीर होईल, तेवढा दम धर."

कळांना कोणी असं थांबायला सांगतं का? मी फोन हिसकावून घेतला. "येतोय गं आम्ही," एवढंच म्हणता आलं. पुढे नुसतं नाक ओढत राहिले.

"आई, रडू नकोस," लेक म्हणाली. "बाबांना म्हणावं, हळूच चालवा. मी थांबते."