पणजीची चटई

टीव्हीसमोर सगळ्यांत पुढे बसायचा मान वाइमोआनाचा. भावाच्या घरात थोरल्या बहिणीचा शब्द वरचा. भाऊ हालोती मात्र बाहेर ओसरीवर. बहीण-भावानं एका खोलीत बसून टीव्ही बघायचा नाही, ही टोंगा बेटांची जुनी चाल. आज त्याचीच लेक ऑलिम्पिकच्या मैदानात देशाच्या झेंड्यामागून चालणार होती, आणि बापाच्या वाट्याला भिंत आली होती.

"कुठवर आलंय गं?" तो बायकोला विचारी.

"अजून पेरू देशच चाललाय!" लुसेआने आतून ओरडे. "बसा गप. ओरडून देश लवकर यायचा नाही."

कोंबडे आरवून दमले होते. भाजलेला नीरफणस गार होत होता. वाइमोआनानं बोट लावलं नव्हतं.

हालोतीच्या या लेकीनं, मेलेनाइतेनं, वजनं उचलायच्या खेळापायी ऑकलंडची वाट धरली, तेव्हा हीच आत्या कडाडली होती, "पोरीची जात, आणि डुकरासारखी मान करून घेणार? जा खुशाल. पण मला आत्या म्हणू नकोस!" आत्याचा आशीर्वाद नसेल तर भाचीच्या हाताला यश नाही, हे बेटावर शेंबडं पोरही जाणतं. मेलेनाइते मान खाली घालून बोटीत चढली. तेव्हापासून ते शब्द वाइमोआनाच्या घशात माशाच्या काट्यासारखे रुतून होते. पण थोरलीनं धाकटीची माफी मागायची कोणत्या तोंडानं?

"वन्सं," लुसेआनेनं विचारलं, "मध्यंतरी तिला पुडकं धाडलंत म्हणे. काय होतं हो?"

"पणजीची कमरेला गुंडाळायची चटई. तिच्या लग्नातली."

लुसेआनेच्या हातातला पेला थांबला. "ती विरलेली? दशा लोंबणारी? निरोप काय दिलात सोबत?"

"निरोप कशाला? चटई बोलते की."

"अहो, फाटकी चटई आपण सुतकात गुंडाळतो! तुम्ही अबोला धरलेला, वर ही धाडलीत. पोर काय समजेल? आत्यानं माझं सुतक धरलं, असंच ना?"

वाइमोआनाचा चेहरा उतरला. केवड्याची ती मऊ पात हातात घेताना तिला चार पिढ्यांची माया दिसली होती, लग्नं दिसली होती. मरण दिसलंच नव्हतं.

"काय झालं?" ओसरीवरून आवाज.

"तुमच्या बहिणीनं काय केलंय..."

"बहिणीचं मला सांगू नकोस! मी काही ऐकलं नाही."

तेवढ्यात टोंगाचं नाव पुकारलं गेलं. लाल झेंडा, तेलानं चमकणारे दंड, कमरेला एकसारख्या नव्या कोऱ्या चटया. वाइमोआनानं डोळे मिटून घेतले.

"वन्सं, बघा! अहो, बघा तरी!"

शेवटच्या ओळीत मेलेनाइते. नव्या चटईवरून तिनं पणजीची चटई गुंडाळली होती, दशा गुडघ्यांवर नाचत होत्या. आणि केसांत ही एवढी लाल फुलं, गळ्यात हार. सुतकात कोण फुलं माळतं? कॅमेरा जवळ आला, तशी ती दात दाखवून हसली आणि चटई तळव्यानं थोपटली, मांडीवरल्या बाळाला थोपटावं तशी.

वाइमोआना उठली. भाची मिरवू लागली की आत्यानं तिच्या शेजारी वेडंवाकडं नाचायचं, ही रीत. ती टीव्हीच्या शेजारी उभी राहिली, आणि तिची जाड कंबर हलली, हात उडाले.

भाची माझी चाले, चाले सगळ्यांच्या पुढं,
आत्याचं गं काळीज तिच्या मागं मागं उडं.

"पुढं कुठली, शेवटच्या ओळीत आहे!" लुसेआने हसत, रडत म्हणाली.

"माझ्यासाठी पुढंच." वाइमोआना धापा टाकत खाली बसली. "फोन लाव तिला."

"आत्ता? ती मैदानात आहे!"

"मग मैदानात वाजू दे. माझं चुकलं, हे मला माझ्या तोंडानं सांगायचंय."