एक पुढून, एक मागून

शाळेत तिला सगळे ‘पिंप’ म्हणायचे. वर्षातून एकदा पीटीचे सर वर्गासमोर सगळ्यांचं वजन करायचे आणि आकडा मोठ्यानं वाचायचे. तिची पाळी आली की मागून हमखास आवाज यायचा, “सर, काटा सांभाळा!” आई म्हणायची, “या कानानं ऐकावं, त्या कानानं सोडून द्यावं.” ते तिला कधी जमलं नाही.

सहावीत एक नवी मुलगी आली, तिच्याहूनही जाड. वजनाच्या दिवशी कुणीतरी तिला ‘टँकर’ म्हणालं. वर्ग हसला. पिंपही हसली, जरा जास्तच मोठ्यानं. आज आपण सुटलो, एवढंच तिच्या डोक्यात होतं. नव्या मुलीनं वळून पाहिलं ते फक्त तिच्याकडे.

आता पिंप चाळिशीची आहे, इस्पितळात एक्स-रे काढते. लोकांचं चिडवणं ती कधीच विसरली. स्वतःचं ते हसणं मात्र विसरली नाही.

परवा एक बाई छातीचा एक्स-रे काढायला आली. चांगलीच जाड, चालूनच धापा टाकत होती. नवा सहकारी पुटपुटला, “मावणार का एका फोटोत?” बाईनं ऐकलं. गाऊनचे बंदही पुरेनात.

“राहू द्या, नंतर येते,” बाई म्हणाली.

असं ‘नंतर’ कधीच येत नसतं, हे पिंपला पक्कं ठाऊक होतं. तिनं सहकाऱ्याला बाहेर पाठवलं आणि दुसरा गाऊन आणला. “एक पुढून, एक मागून. मीसुद्धा असाच घालते.”

बाई हसली आणि खोकतच राहिली.

“कधीपासून आहे खोकला?”

“दोन महिने. डॉक्टरकडे गेलं की आधी वजनावरून बोलणी. म्हणून टाळलं.”

फोटो पाहून पिंपनं लगेच डॉक्टरांना बोलावलं. फुप्फुसात पाणी झालं होतं. बाईला त्याच दुपारी दाखल केलं.

सहकारी ओशाळून म्हणाला, “गंमत केली हो, ताई.”

“मीही एकदा गंमतच केली होती,” ती म्हणाली, आणि सहावीतली सगळी हकिगत तिनं त्याला सांगितली. आजवर ती कुणालाच सांगितली नव्हती.

बाई दहा दिवसांनी बरी होऊन घरी गेली. मोठ्या गाऊनसाठी मात्र पिंपला स्टोअरच्या कारकुनाशी तीनदा भांडावं लागलं.

“कुणी मागतच नाही हो!”

“लाजेनं कोण मागणार?”

चौथ्या खेपेला सहा गाऊन आले.