पहिल्या रांगेतली जागा

मला राग लवकर येतो आणि लवकर जातो. पण गेल्या वर्षीच्या गणपतीच्या मिरवणुकीत स्वतःचाच जो आला, तो वर्षभर टिकला.

त्या दिवशी मी आमच्या मंडळाच्या महिला लेझीम पथकात पहिल्या रांगेत होते. मला बाराव्या वर्षापासून टाइप वन मधुमेह आहे. दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेतल्याशिवाय माझं चालत नाही. खेळता खेळता हात थरथरायला लागले, घाम फुटला. साखर उतरतेय हे मला कळलं होतं. पण चालू डावात रांग कशी मोडायची? जरा दम धरू म्हणून खेळत राहिले आणि भर चौकात आडवी झाले.

त्यानंतर अख्ख्या गल्लीनं मला खायला घालायचा विडा उचलला. जिना चढून आले की कुणी पेढा पुढं करायचं, भाजीला निघाले की केळं. मीही भित्री झाले. साखर उतरायच्या आधीच खाऊन ठेवायचे. मार्चपर्यंत नऊ किलो वाढले. शेजारच्या फुलाबाई म्हणाल्या, "त्या इंजेक्शनानंच फुगलीस तू. चार दिवस बंद करून बग की." म्हटलं, "बंद केलं तर वजन जाईल हे खरं, पण त्याच्याबरोबर मीही जाईन." तेव्हापासून त्या माझ्याशी जपून बोलतात.

खरा घाव घातला मायाक्कांनी. मायाक्का आम्हाला लेझीम शिकवतात. साठी उलटलीय, अंगानं काडी आणि आवाजानं तोफ. त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ऋतुजा, यंदा तू पानी वाटायचं."

"मी पहिल्या रांगेत खेळणार."

"जिना चढली की धापा टाकतीस. पुन्ना पडलीस तर तुज्या सासूला मी काय तोंड दाखवू? दम टिकतोय का ते श्रावणात बगू."

पाणी वाटायचं! त्या रात्री मला जेवण गेलं नाही, आणि आमच्या घरात ही बातमी होते.

दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी पंधरा दिवस सगळं लिहून आणायला सांगितलं. काय खाल्लं, इन्सुलिन किती, साखर किती. वही बघून त्या कोड्यात पडल्या. रोज चारच्या सुमारास साखर पावणेतीनशे. मग ती उतरवायला मी जादा इन्सुलिन घ्यायचे, संध्याकाळी चालायला गेले की साखर धाडकन खाली यायची, आणि मग पेढे.

"दुपारी मधेमधे काही खाता का?"

"काही म्हणजे काहीच नाही," मी म्हणाले. अगदी शपथेवर सांगितलं असतं.

घरी आले तर सासूबाई भाकऱ्या थापत होत्या. त्यांची, म्हणजे गोजरबाईंची, कडक भाकरी म्हणजे आमच्या भागात नाव आहे. दुकानांतून मागणी असते. मोडलेल्या भाकऱ्यांचे तुकडे घरात डब्यात राहतात, आणि मी वहीत डोकं खुपसून तेच कुरुमकुरुम चावत बसले.

"आई, दुपारी मी काय खाते हो?"

"काय न्हाय की. हे तुकडं तेवढं. लई हलकं असतंय ते."

बोलता बोलता त्यांचा थापता हात थांबला. "पर पिठाचा उंडा तर मी मऊ भाकरीएवढाच घेती. पानी तेवढं उडून जातंय. पीठ कुटं जाईल?"

मी डबा पुढं ओढला. मग वजनकाटा काढला. दुपारभरात मी जेवढे तुकडे खायचे तेवढे काट्यावर ठेवले. साडेतीन भाकऱ्या भरल्या! जेवण सोडून साडेतीन, आणि इन्सुलिनच्या हिशेबात एकही नाही. सोलापुरात जन्म गेला, पण कडक भाकरीला कधी कुणी जेवणात धरलं नव्हतं. आधी हसू आलं, मग स्वतःचा असा राग आला की मी तो डबा उचलून माळ्यावर टाकला.

डॉक्टरीणबाईही हसल्या. मग त्यांनी सगळं नव्यानं बसवून दिलं. भाकरी ताटातच घ्यायची, मोजून. व्यायामाच्या आधीच्या जेवणाला इन्सुलिन किती कमी करायचं, ते त्यांनी माझे आकडे बघून ठरवलं. म्हणजे मागाहून पेढ्यांनी भरपाई नको.

मग मी गच्चीवर सराव सुरू केला. आवाज होऊ नये म्हणून लेझमीच्या चकत्यांना फडकं बांधलं. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत जीव गेला. आधी साखर तपासायची, खेळायचं, पुन्हा तपासायची. जूनपर्यंत पाऊण तास होऊ लागला. काट्यावर सात किलो कमी झाले, आणि इन्सुलिन मी एकदाही चुकवलं नाही.

श्रावणात मायाक्कांनी तासभर खेळवलं. निम्म्या बायका बसल्या. मी उभी होते. मायाक्कांनी मला वरून खाली बघितलं आणि म्हणाल्या, "जा पुढं." एवढंच. मला नाचावंसं वाटलं.

यंदाची मिरवणूक दुपारी निघाली. हलगी तापली होती. दोन चौक झकास गेले. तिसऱ्याच्या अलीकडे बोटं थरथरली. सगळं मोजूनमापून करूनसुद्धा! डोळ्यांत पाणी आलं. आत्ता बाहेर पडले तर सगळे म्हणणार, बघा, झेपलं नाही तिला.

म्हणू देत. मी डावाच्या मधेच रांगेतून बाहेर पडले.

बंद दुकानाच्या पायरीवर बसून तपासलं. सहासष्ट. ग्लुकोजच्या चार गोळ्या चावल्या. सासूबाई गर्दीतून धावत आल्या, पण खायला काही पुढं केलं नाही. शेजारी बसल्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं असतं म्हणून घड्याळ बघत राहिल्या. "बारा मिंटं झाली," म्हणाल्या. "आनी तीन थांब." तीन मिनिटांनी पुन्हा तपासलं. एकशे आठ.

मी पळत सुटले. पथक पुढच्या चौकात पोचलं होतं. लांबूनच पहिली रांग दिसली, आणि त्या रांगेत एका बाईएवढी जागा मोकळी होती. मागच्या रांगेतली पायल ती भरायला पुढं सरकली, तशी मायाक्कांची तोफ कडाडली, "तितं कुनी शिरायचं न्हाय! ऋतुजा येतीय!"

सगळी रांग ती मोकळी जागा सांभाळत खेळत होती. मी त्या जागेत जाऊन उभी राहिले, पुढच्या ठोक्याला डाव धरला, आणि गणपती पाण्यात जाईपर्यंत खेळले.